बसप्पांनी मागितलेली दहा मिनिटं

मागच्या रविवारी सईनं फोनवर सांगितलं की तुमच्याकडे सिंक तुंबलं होतं आणि ते मोकळं करायला आलेल्या माणसानं लांब वायरीच्या टोकाला कॅमेरा लावून तो पाइपात सोडला. छोट्या पडद्यावर पाइपाची आतली बाजू दिसत होती आणि तुम्ही दोघं भावंडं खुर्च्या ओढून ती बघत बसलात. "आजी, आत चमचा होता!" असं मिहिर ओरडला. तुम्ही फोन ठेवलात आणि मला बसप्पांची आठवण झाली.

सई, तू त्यांना पाहिलं आहेस, पण तुला आठवणार नाही. तू चार वर्षांची होतीस. आपल्या स्वयंपाकघरात ते गुडघ्यांवर बसून लोखंडी गजाला कान लावून होते. तू माझा पदर ओढून म्हणालीस, "आजी, हे आजोबा जमिनीला फोन करतायत."

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. कुठलीही गोष्ट क्रमानं, मुद्दे पाडून लिहायची मला सवय आहे. बसप्पांबद्दल तसं लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडला. आता जसं आठवेल तसं लिहिते. तुमची आई वाचून दाखवील.

बसप्पा मूळचे उमरग्याजवळच्या मुरुमचे. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि हार्डवेअरच्या दुकानात दखनी बोलायचे. उंच होते, पण इतकी वर्षं मोऱ्यांत आणि चेंबरांत वाकून पाठीला बाक आला होता. खाकी हाफ पँट, पांढरा शर्ट आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दुपारपर्यंत घामानं त्यातला एखादाच शिल्लक असायचा. कामाला हात घालण्यापूर्वी गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत घ्यायचे आणि वरचं बटण लावायचे. उन्हाळ्यातसुद्धा. काम संपवून कोपरापर्यंत साबण लावून हात धुतल्याशिवाय ते बटण उघडत नसत आणि चहालाही हात लावत नसत.

त्यांनी घंटी कधी वाजवली नाही. फाटकातून "शरणार्थ मॅडम" अशी हाक यायची. आपण बाहेर येईपर्यंत त्यांनी अंगणातली तोटी उघडलेली असायची आणि मान कलती करून ते पाण्याचा आवाज ऐकत असायचे. काय बिघडलंय हे ते विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला असे, "मागलं पाणी कधी आलतं?" मग दुसरा, "आन वास?" ही दोन उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं, असं त्यांचं म्हणणं.

प्लंबर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "म्या नळवाला," म्हणायचे. खरं तर नळाइतकंच मोरीचंही काम ते करायचे, आणि यावरून त्यांच्या नात्यात बरंच बोललं गेलं होतं. त्यांच्या मामांनी एका लग्नात पंगतीतच विचारलं होतं म्हणे, की आपल्यातला माणूस असून लोकांची घाण काढतोस, लाज नाही वाटत? बसप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा ते हसत होते. "म्या म्हणलं, मामा, येणारं पाणी तेवढं धरायचं आन जाणारं सोडून द्यायचं, असा अर्धा धंदा कसा करू? तुमच्या पोटाला तरी जमतंय का तसं?"

"मग मामा काय म्हणाले?"

"काय म्हणतेत? जिलेबी वाढा म्हणले."

तुंबलेली मोरी मोकळी करण्याची त्यांची एक रीत होती. बांबूच्या लांब कामट्या एकीला एक बांधून आत सारायचे, टोकाला वाकवलेली तार. जे निघेल ते फेकून न देता अंगणात जुना पेपर पसरून त्यावर मांडायचे. केसांचे पुंजके, चहाची पत्ती, भाताची शितं, शाम्पूच्या पुड्या, देवाची फुलं. मग घरच्या बाईला बोलवायचे, "या, बघा तुमचं घर." बायका नाकाला पदर लावून लांबूनच मान हलवायच्या. ते चालायचं नाही. जवळ येऊन बघावंच लागायचं. "डॉक्टर तपासतो तवा जीभ दावता न्हवं? मग हे बी बघा."

या नियमाचा अपवाद मी एकदाच पाहिला. समोरच्या घरात क्षीरसागर सर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेत तंबाखू खाताना कुणी सापडलं तर त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांपुढे उभं करायचे, असा त्यांचा लौकिक. त्यांची न्हाणी तुंबली होती. सर कमरेवर हात ठेवून बसप्पांना सांगत होते, "आमच्या घरातून पाण्याशिवाय काही जात नाही. हा दोष बांधकामाचा आहे." कामटीच्या टोकाला एक गच्च गोळा आला. गुटख्याच्या पुड्या, पंधरा-वीस तरी असतील, घड्या घालून एकीत एक सारलेल्या. क्षीरसागरकाकू विचारतच बाहेर आल्या, "काय निघालं रे अप्पा?" मी फाटकाशी उभी होते, म्हणून मला दिसलं. बसप्पांनी शांतपणे पेपर दुमडला. "चहापत्ती, काकू. जरा गाळून टाकत जावा." सर आत निघून गेले. त्यानंतर गल्लीत बसप्पांना 'अहो अप्पा' म्हणणारे सर पहिले.

आता त्या गजाबद्दल. जमिनीखाली पाइप कुठे गळतोय हे ते ऐकून ओळखायचे. हातभर लांबीचा गज, एक टोक फरशीवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटलेले. श्वाससुद्धा हळू. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली तेव्हा आधी दोन जणांनी येऊन सगळी फरशी उखडावी लागेल असं सांगितलं होतं. बसप्पांनी फ्रिज बंद करायला लावला, पंखा बंद, तुमच्या आजोबांचा रेडिओ बंद. वीस मिनिटं रांगत सगळी खोली ऐकली आणि एका फरशीवर खडूनं फुली मारली. ती एकच फरशी काढली. खाली पाइपाच्या वळणावरच्या एल्बोला केसाएवढी चीर होती.

मी त्यांना तेव्हा म्हटलं, "आमच्या घरातले सगळे पाइप कुठून कुठे गेलेत त्याचा नकाशा काढून द्या. मी फाइलला लावून ठेवते." ते माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "कागदावर पाइप सरळ जातो मॅडम. जमिनीत न्हाय जात." गल्लीतल्या प्रत्येक घराखालचं त्यांना असं ठाऊक होतं. पण त्यांच्याखेरीज कुणालाच नव्हतं.

तुमच्याकडे तोटी उघडली की पाणी येतं, म्हणून पुढचं सांगण्याआधी आमच्याकडची पद्धत सांगते. आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनीही. आलं की दीड तास. तेवढ्यात जमिनीतला हौद भरायचा, गच्चीवरची टाकी भरायची, पिंपं आणि घागरी भरायच्या. पाण्याला जोर नसतो, म्हणून लोकांनी थेट नळालाच मोटारी जोडल्या आहेत. तशी मनाई आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. एकानं लावली म्हणून दुसऱ्यानं लावली, मग तिसऱ्याच्या नळाला थेंब येईना, म्हणून त्यानं जास्त ताकदीची आणली. आपल्याकडेही आहे. गल्लीतल्या निम्म्या मोटारी बसप्पांनीच बसवल्या होत्या. आपली बसवताना ते आजोबांना म्हणाले होते, "बसवतो साहेब. पर ही पाणी मागत न्हाय, वरबाडती."

मग एका उन्हाळ्यात पाण्याला वास यायला लागला. पाणी आलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं नालीसारखा वास, मग कमी व्हायचा. लोक बसप्पांना बोलवायचे, तोटी बदला म्हणायचे, टाकी धुवा म्हणायचे. ते प्रत्येकाला एकच सांगायचे, "तुमच्या घरात कायबी न्हाय. गल्लीत हाय." आमच्या गल्लीतली पाण्याची जुनी लोखंडी लाइन नालीच्या कडेनं गेली होती, काही ठिकाणी नालीच्या पोटातूनच. तिला कुठेतरी चीर पडली होती. वीस मोटारी एकदम ओढायला लागल्या की पाइप चिरेतून बाहेरचं आत ओढून घ्यायचा. आणि बाहेर काय होतं, तर आमच्याच मोऱ्यांचं पाणी.

ज्यांना जमलं त्यांनी पाणी शुद्ध करायची यंत्रं घेतली. आम्ही घेतलं. क्षीरसागर सरांनी घेतलं. गल्लीच्या शेवटच्या घरात मागच्या दोन खोल्यांत एक जोडपं भाड्यानं राहायचं, त्यांनी घेतलं नाही. नवरा मोबाइलच्या दुकानात कामाला होता. बायको अर्चना, इकडच्याच वाशी गावाकडची, बावीस-तेवीस वर्षांची, आणि तिला पाचवा महिना होता. त्यांच्याकडे मोटारही नव्हती. नळ जमिनीच्या खाली, खड्ड्यात. ती पोट सांभाळत खड्ड्याच्या काठावर बसायची आणि वाटीनं घागर भरायची. वरच्या सगळ्या मोटारींनी ओढून जे उरेल ते तिच्याकडे यायचं.

तीच एक अशी होती की जिनं बसप्पांचं म्हणणं मनावर घेतलं. दर खेपेला पहिल्या पाण्याची बाटली भरून ठेवायची आणि ते गल्लीत दिसले की बाहेर यायची.

"अप्पा, हुंगा हे."

ते झाकण उघडून हुंगायचे. "मागल्यापेक्षा जास्त हाय गं."

"आमचे हे म्हणतेत, पोटुशी हायस म्हणून तुला समद्याचाच वास येतोय."

"त्याला सांग, पोरी, ह्या गल्लीत एवढं एकच नाक चालू हाय."

"पाणी उकळून पेते म्या. पर गॅस किती जाळू? चूळ भरायला, भांड्याला तेच की."

"महिनाभर कळ काढ. जागा घावली की झालं."

अडचण त्या जागेचीच होती. वर्षापूर्वीच गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला होता. मी नगरपालिकेला अर्ज लिहिला. तिथली माणसं येऊन बघून गेली. त्यांचंही म्हणणं चूक नव्हतं. सगळा रस्ता फोडता येणार नाही, नेमकी जागा दाखवा, तिथं फोडून दुरुस्त करतो. बसप्पा म्हणाले, जागा मी ऐकून सांगतो. पण त्यासाठी लाइनीत पाणी असायला हवं आणि ते कुणी ओढत नसायला हवं. सगळ्या मोटारी बंद, सगळ्या तोट्या बंद. तुंबलेलं पाणी चिरेतून बाहेर पडताना फुसफुसतं, तेवढंच ऐकायचं. पाणी आल्यावर दहा मिनिटं.

दीड तासातली दहा मिनिटं. मी नोटीस लिहिली, ठळक अक्षरात, 'फक्त दहा मिनिटे' याखाली रेघ मारून. घरोघर गेले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आजोबांचीही घेतली. जगतापकाकू सही करताना म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या शब्दाबाहेर आहे का आम्ही?" बसप्पा माझ्या मागून चालत होते. ते प्रत्येक दारात हात जोडत होते आणि मला ते आवडत नव्हतं.

पाणी सकाळी अकराच्या सुमाराला सुटलं. ऊन चांगलंच तापलं होतं. बसप्पा गल्लीच्या तोंडाशी आधीच येऊन बसले होते. त्यांनी हात वर केला आणि गल्ली गप्प झाली. मी या गल्लीत एकतीस वर्षं राहते आहे. पाण्याच्या दिवशी अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी झाली तर त्या बाईनं गॅस बंद केला. अर्चना खड्ड्यापाशी रिकामी घागर मांडीवर घेऊन बसली होती, घागरीचा आवाज होऊ नये म्हणून.

बसप्पा दोन-दोन पावलांवर गज टेकवत, वाकून, ऐकत पुढे येत होते. तीन-चार मिनिटं झाली असतील. विजेच्या खांबापाशी ते थांबले. गज थोडा उजवीकडे सरकवला, परत डावीकडे आणला. मग खाली बसले, डोळे मिटले आणि डावा हात हळूहळू वर उचलला.

तेवढ्यात जगतापांची मोटार सुरू झाली.

जगतापकाकू दारातून म्हणाल्या, "पाव्हणे आलेत हो घरात, टाकी कोरडी ठणठणीत आहे. एकानं काय होतंय?" त्यावर शेजारून कुणीतरी ओरडलं, "त्यांची चालू, आन आमी काय सह्या चाटत बसायचं?" आणि दुसरी सुरू झाली. मग तिसरी. मग कुणी मोजत बसलं नाही. बसप्पा खांबापाशी बसूनच होते, गज कानाला लावलेला. "थांबा की वो, दोनच मिनिटं थांबा," असं ते म्हणत होते, ते मला त्यांच्या ओठांवरून कळलं.

आजोबा आत गेले आणि त्यांनी आपली मोटार चालू केली. मी पायरीवर उभी होते. मी त्यांना थांबवलं नाही. हौदात खरंच फार थोडं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी रस्ता फोडायला माणसं येणार होती. मी बसप्पांना विचारलं, "खांबापाशी काही ऐकू आलं होतं ना तुम्हाला?"

ते गोंधळलेले होते. "आलं होतं वाटतं. पर मॅडम, ती जगतापाची मोटारच असंल. आता ध्यानात येईना, आधी काय ऐकलं आन मागून काय." त्यांनी खांबाजवळची जागा सोडली आणि जुने जोड कुठे होते ते आठवून दोन ठिकाणी खडूनं गोल काढले. दोन्ही ठिकाणी रस्ता फोडला. पाइप धड होता. माणसं वैतागली आणि मशीन घेऊन निघून गेली. बसप्पांनी स्वतःचं टिकाव-फावडं आणून तिसरा खड्डा घेतला. त्या वयात, उन्हात, दीड दिवस. तिथंही काही नव्हतं. लोक चपला सांभाळत खड्डे ओलांडायचे आणि त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. "म्हाताऱ्याचे कान गेलेत. उगं रस्त्याची चाळण केली."

त्यांनी तिन्ही खड्डे स्वतः बुजवले. शेवटच्या दिवशी पाणी प्यायला आपल्याकडे आले तेव्हा म्हणाले, "लोक खोटं बोलत न्हाईत. कानच गेला माझा." मोटारींच्या त्या गोंगाटात कुणाच्याही कानाला काही कळलं नसतं. पण त्यांनी दोष आपल्या कानाला दिला, आणि ते आम्हा सगळ्यांना सोयीचं होतं. मी त्यांना "ऊन लागलं असेल, जरा सावलीत बसा" असं म्हटलं.

परत दहा मिनिटं मागायचं नाव कुणी काढलं नाही. मी नवी नोटीस लिहिली नाही. बसप्पा मोऱ्यांचं काम करत राहिले, पण गज बरोबर आणेनासे झाले. पाइप ऐकून सांगा म्हटलं की म्हणायचे, "दुसरा कुणी बघा. माझ्या भरवशावर फरशी फोडू नका."

पाच-सहा आठवड्यांनी अर्चनाला कावीळ झाली. गल्लीत आणखी चौघांना झाली होती, ते पथ्यपाण्यानं उठले. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिला सोलापूरला हलवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. बाळही वाचलं नाही. तिचा नवरा सामान न्यायला आला तेव्हा खड्ड्याच्या काठावर पहिल्या पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या तशाच उभ्या होत्या. त्या त्यानं नालीत ओतल्या.

बसप्पा त्या संध्याकाळी आले. फाटकातून हाक मारली नाही, तोटी उघडली नाही. अंगणातल्या दगडावर बसले.

"जागा चुकलो म्या, मॅडम."

"तुमची चूक नाही बसप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भांडायला म्हणून नाही; खरोखरच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग कुणाची?"

मला उत्तर माहीत होतं. ते आपल्या घराच्या भिंतीला बोल्टनं बसवलेलं होतं. मी चहा ठेवते म्हणून आत गेले. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते आपणहोऊन म्हणत होते, "मोटारी बी म्याच बसवल्या की. नको म्हणलो असतो तर दुसऱ्यानं बसवल्या असत्या, पर म्या तर बसवल्या नसत्या." चहा त्यांनी घेतला नाही. हात धुतलेले नव्हते, असं म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कुठंच काम केलेलं नव्हतं.

एक मृत्यू झाल्यावर हालचाल झाली. दिवाळीनंतर नवी लाइन टाकायला ठेकेदाराची माणसं आली. जुना पाइप उपसून काढत होते. मी पायरीवरून बघत होते. विजेच्या खांबाजवळचा तुकडा वर आला, आणि त्याला वीतभर लांब चीर होती. चिरेत केस, चिंध्या, प्लॅस्टिक असं बरंच काही आत ओढलं जाऊन अडकलेलं. बसप्पा जिथे हात वर उचलत होते, ती जागा तिथून दोन हातांवर होती. मी आजोबांना बोलावून दाखवलं. ते बघून आत गेले.

नवा पाइप प्लॅस्टिकचा, निळा, दिसायला छान. पण सिमेंटचा रस्ता पुन्हा फोडायला नको म्हणून त्यांनी तो त्याच जागी टाकला, नालीच्या पोटातून. मी जाऊन बोलले. मुकादम म्हणाला, "मावशी, पाइप नवा आहे, काही होत नाही." गल्लीतल्या कुणीही माझ्या बाजूनं शब्द काढला नाही, कारण दारापुढचा रस्ता फुटला असता. पुढच्या पाण्याला सगळ्या मोटारी नव्या लाइनीला जोडल्या गेल्या. आपलीही. त्या बसवायला बसप्पांना कुणी बोलावलं नाही.

मी ठरवलं होतं की त्यांना गाठून सांगायचं, तुमचा कान बरोबर होता. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन महिने गेले. हे मी तुम्हाला जसं घडलं तसं सांगते आहे.

मग जानेवारीत एका दुपारी ते मला एसटी स्टँडवर दिसले. मी माझ्या बहिणीला लातूरच्या गाडीत बसवून परत निघाले होते. ते उमरग्याच्या गाडीच्या फलाटावर एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी घेऊन बसले होते. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते दचकून उठले.

"शरणार्थ मॅडम!" इतक्या मोठ्यानं म्हणाले की चार माणसं वळून बघायला लागली. "आता कायबी ऐकू येत न्हाय. एकदम गेलं समदं. लेकीकडं चाललो मुरुमला. हितं राहून काय करू?"

कपाळावर तीन पट्टे तसेच होते, सुकलेले. घाम येण्यासारखं काम राहिलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बसप्पा, चीर खांबापाशीच होती." ते माझ्या ओठांकडे बघून हसले आणि त्यांनी मान हलवली. "व्हय, थंडी हाय." मला पुन्हा सांगायचं होतं. पण तेवढ्या माणसांत ते ओरडून सांगावं लागलं असतं. आणि ते सांगितलं की त्याच्या मागोमाग पुढचंही सांगावं लागलं असतं, की तुम्हाला तेव्हा जागा सापडली होती आणि ती आम्ही घालवली, आणि मग ती मुलगी गेली. मी एवढी वर्षं वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला आहे. त्या दिवशी मला तो काढता आला नाही.

तेच म्हणाले, "नवी लाइन टाकली म्हणं गल्लीत?"

मी मान डोलावली.

"नालीपासनं लांब टाकली न्हवं? हातभर तरी?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. दुसरं काही बघायचंच नाही असे. मी मान डोलावली.

"बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं मॅडम. निदान तेवढं झालं."

गाडी लागल्याची घोषणा झाली, ती त्यांना कळली नाही. मी बोट दाखवलं. कंडक्टरनं पेटी आत घेतली. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी मागे येऊन वळेपर्यंत मी फलाटावर उभी होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते माझ्याकडे बोट करून काहीतरी मोठ्यानं सांगत होते. गाडीच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत, पण हात दिसत होते. एक तळवा त्यांनी आडवा धरला होता, ती नाली. दुसरा तळवा त्यापासून लांब नेऊन धरला, तो पाइप. तो माणूस मान डोलवत होता. दोन तळव्यांमध्ये चांगलं हातभर अंतर होतं.